न विचारलेला आहार : वातावरणातील वायू, रज आणि आपला रुग्ण

रुग्णास आहाराविषयी आपण किती प्रश्न विचारतो, याची आम्ही एकदा स्वतःपुरती मोजदाद केली. तांदूळ जुना की नवा, दही दुपारी की रात्री, पाणी कोष्ण की फ्रिजमधील, चहा किती वेळा, पोळी ताजी की शिळी, रात्रीचे जेवण किती वाजता. तमकश्वासाच्या एका जुन्या रुग्णाच्या केसपेपरवर अशा एकवीस प्रश्नांची उत्तरे आमच्याच हस्ताक्षरात सापडली. तो रुग्ण ज्या हवेत झोपतो, स्वयंपाक करतो, वाचत बसतो, त्या हवेविषयी मात्र एकही नोंद नव्हती.

थोडा हिशेब करून पाहावा. प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या स्थितीत मिनिटास साधारण चौदा-पंधरा वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. मिनिटास सात लिटर धरले तर अहोरात्रात ही हवा दहा हजार लिटर होते. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला बारा किलो. अन्न आपण दीड किलोच्या आतबाहेर खातो, पाणी अडीच-तीन लिटर पितो. ज्या द्रव्याचे सेवन सर्वाधिक, त्याचीच चौकशी आपण करीत नाही.

हा लेख लिहिण्यास जो प्रसंग कारण झाला तो आमच्या चुकीचा आहे, म्हणून तोच आधी सांगतो.

एक निवृत्त प्राथमिक शिक्षक अनेक वर्षे आमच्याकडे चिकित्सा घेत होते. वय साठीच्या पुढे, प्रकृती वातकफप्रधान, तमकश्वासाचा जुना इतिहास. पण पथ्याला इतके चोख की आम्ही इतर रुग्णांना त्यांचे उदाहरण देत असू. एका हिवाळ्याच्या आरंभी त्यांना थंडीचा त्रास होऊ लागला, तेव्हा आम्ही निवात खोलीत झोपण्यास सांगितले व सोबत गुग्गुळ, राळ, वेखंड, कडुनिंबाची पाने आणि तूप यांचे धूपन लिहून दिले. 'सायंकाळी धूपन' एवढेच शब्द कागदावर होते. किती वेळ, किती दिवस, खिडकी उघडी की बंद, यांपैकी काहीही आम्ही लिहिले नव्हते. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा पहाटेचा वेग वाढलेला होता. आम्ही श्वासकुठार दिला, कनकासवाची मात्रा वाढविली, आमाचा विचार केला. जे दही ते खातच नव्हते, तेही बंद करण्यास सांगितले! पुढच्या खेपेस त्यांना येताच आले नाही. त्यांच्या पत्नीचा निरोप आला म्हणून आम्हीच सायंकाळी त्यांच्या घरी गेलो.

दहा बाय दहाची खोली. खिडकीला आतून गोणपाट लावलेले, दाराच्या फटीत जुने धोतर कोंबलेले. खाटेखाली गोवरीच्या निखाऱ्यांवर धुपाटणे. मास्तर सकाळी अर्धा तास आणि सायंकाळी अर्धा तास, एक दिवसही खंड न पाडता, धूपन करीत होते आणि नंतर त्याच बंद खोलीत झोपत होते. आमच्याच डोळ्यांतून पाणी येऊ लागले. आम्ही त्यांच्या पत्नीस खिडकी उघडण्यास सांगितले, तेव्हा मास्तर धापा टाकीत म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच तर लिहून दिलंत."

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही चरकसंहितेतील हिक्का-श्वास चिकित्सेचा अध्याय काढला. श्वासाच्या निदानांत रज व धूम यांचा निर्देश अगदी आरंभीच येतो. पदवीपरीक्षेत हे निदान लिहून आम्ही गुण मिळविले होते.

हवेचे घटक

वास्तविक हवेची घटना आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु ती पाठ्यपुस्तकातच राहते. कोरड्या हवेत आकारमानाने नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ टक्के आणि अरगॉन ०.९३ टक्के असतो. या तिघांची बेरीज शंभराला जवळजवळ टेकते. उरलेल्या अंशात कार्बन डायऑक्साइड, निऑन, हेलियम, मिथेन, क्रिप्टॉन, हायड्रोजन इत्यादी येतात. आपल्या दहा हजार लिटरांत हे मांडले तर रोज सुमारे ७,८०० लिटर नायट्रोजन, २,१०० लिटर ऑक्सिजन, ९३ लिटर अरगॉन व चार लिटरांहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड आपल्या नाकातून आत जातो. अरगॉन जसा जातो तसाच परत येतो; शरीराशी त्याचे काही देणेघेणे नाही.

या अरगॉनची कथा मात्र मानपरिभाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांना असे आढळले की हवेतून मिळविलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगांतून मिळविलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो. एखाद्याने तराजूचा दोष म्हणून हे सोडून दिले असते. त्यांनी ते सोडले नाही, आणि विल्यम रॅम्झे यांच्यासह १८९४ मध्ये हा नवा वायू जाहीर केला. त्याआधी १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांच्या प्रयोगातही कशाशीच संयोग न पावणारा एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहिला होता आणि त्यांनी त्याची प्रामाणिक नोंद करून ठेवली होती. शंभर वर्षे तो बुडबुडा कागदावर तसाच पडून होता. रॅले आणि रॅम्झे या दोघांनाही १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एका शब्दाविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. मराठीत ऑक्सिजनला 'प्राणवायू' हे नाव रूढ झाले आणि आपल्या विद्यार्थ्यांचा गोंधळ पहिल्या वर्षापासूनच सुरू झाला. पंचवायूंतील प्राण आणि वातावरणातील हा वायू एक नव्हेत. शार्ङ्गधराने नाभिस्थ प्राणपवन बाहेर येऊन विष्णुपदामृत पिऊन परत जातो, असे श्वसनाचे सुंदर वर्णन केले आहे. परंतु त्या अमृताला ऑक्सिजन ठरविण्याची घाई आम्हास योग्य वाटत नाही. ग्रंथाचे मोठेपण त्यावाचून अडलेले नाही. तुपाच्या आहुतीतून ऑक्सिजन निर्माण होतो, असे विधान आपल्याच व्यासपीठांवरून अधूनमधून ऐकू येते. ज्वलनात ऑक्सिजन खर्च होतो, निर्माण होत नाही. अशी विधाने आपण करावीत आणि मग इतर शास्त्रांनी आपले ऐकून घ्यावे, ही अपेक्षा धरणे कठीण आहे.

दुसरा एक समज रुग्णांत व वैद्यांतही सारखाच आढळतो : शुद्ध हवा म्हणजे अधिक ऑक्सिजनची हवा. तसे नसते. मुंबईच्या चौकात आणि महाबळेश्वरच्या पठारावर ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण तेच, २०.९५. उलट महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच असल्याने तेथे हवेचा दाब सुमारे सातव्या हिश्श्याने कमी असतो व त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन थोडा कमीच मिळतो. तरीही श्वासाच्या रुग्णास तेथे बरे वाटते, ते हवेत जे नसते त्यामुळे.

कार्बन डायऑक्साइडविषयी थोडक्यात. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे २८० भाग होता. चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा ३१५ च्या आसपास होता. २०२४ मध्ये वार्षिक सरासरी ४२० च्या वर गेली. याचा परिणाम कालावर, म्हणजे ऋतूंवर होतो. तो विषय मोठा आहे व येथे आमच्या विषयाच्या बाहेरचा आहे.

जलबाष्पाचे मात्र तसे नाही, त्याच्याशी औषधालयाचा रोजचा संबंध येतो. हवेतील इतर वायूंचे प्रमाण जवळजवळ स्थिर असते. बाष्प मात्र जवळजवळ शून्यापासून चार टक्क्यांपर्यंत बदलते. तीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे तीस ग्रॅम पाणी बाष्परूपाने धरू शकते. दहा फूट लांबी, रुंदी व उंचीची खोली म्हणजे अठ्ठावीस घनमीटर. कोकणातील श्रावणात तेथे आर्द्रता ८५ टक्के धरली तर त्या खोलीच्या हवेत पाऊण लिटर पाणी तरंगत असते. यवक्षाराची बरणी नीट बंद न केल्यास तळाशी पाणी का दिसते, लवणभास्कराचे खडे का होतात, गुग्गुळकल्पाच्या गोळ्या एकमेकींना का चिकटतात, याचे उत्तर त्या पाऊण लिटरात आहे. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी क्षीण होते असे शार्ङ्गधराने म्हटले, तेव्हा त्याच्यासमोर हवाबंद डबा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. अर्धी भरलेली मोठी बरणी पावसाळ्यात रोज दहा वेळा उघडणारा औषधालयचालक आपल्या हाताने दहा वेळा नवी हवा आत भरीत असतो.

रज : जे खाली बसत नाही

आता खऱ्या विषयाकडे वळू. वातावरण केवळ वायूंचे नाही. त्यात घन व द्रव कण तरंगत असतात. समुद्राच्या तुषारांतील मीठ, वाळवंटाची व शेतजमिनीची माती, परागकण, बुरशीचे बीजाणू, काजळी, आणि गंधकाच्या व नायट्रोजनच्या वायूंपासून हवेतच तयार होणारे क्षार. हे कण सर्वस्वी त्याज्य असेही म्हणता येत नाही. स्कॉटलंडच्या जॉन एट्किन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की ढगातील थेंब धरण्यासाठी बाष्पाला कणाचा आधार लागतो. कणविरहित हवेत आपला पाऊस पडला नसता.

प्रश्न कणांच्या आकाराचा आहे, आणि तो समजण्यास आपल्याइतका योग्य वाचक दुसऱ्या व्यवसायात मिळणार नाही. भस्म रेखापूर्ण झाले की नाही हे आपण अंगठा व तर्जनीच्या रेषांत पाहतो. वारितर झाले की नाही हे पाण्यावर पाहतो. तेच द्रव्य, तेच वजन, परंतु कण सूक्ष्म झाला की त्याचे कर्म बदलते, ही गोष्ट आपण रोज खलात घोटीत असतो. तोच नियम धुळीला लागू आहे.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चूर्णासाठी वापरली जाणारी ऐंशी नंबरची चाळणी घेतली तर तिचे छिद्र सुमारे १८० मायक्रॉन भरते. केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रॉन. ज्यांना पीएम दहा म्हणतात ते दहा मायक्रॉन व त्याखालचे कण. पीएम अडीच म्हणजे अडीच मायक्रॉन व त्याखालचे. मोठे कण नाकात, घशात अडकतात व शिंक, कफ, खाकरणे यांवाटे बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनचे कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म अंश रक्तातही उतरू शकतो. म्हणूनच त्यांचा संबंध केवळ कासश्वासाशी नाही, हृद्रोग व पक्षाघाताशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरील हवेचे प्रदूषण व त्यातील हे कण यांना कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले.

आता हे कण खाली किती वेळात बसतात ते पाहावे. हवा पूर्ण निश्चल आहे असे धरले, तर तीन मीटर उंचीवरून शंभर मायक्रॉनचा कण दहा-बारा सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनच्या कणास पंधरा-सोळा मिनिटे लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणास चार तासांहून अधिक, आणि एक मायक्रॉनच्या कणास जवळपास एक पूर्ण दिवस. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. ते आपण होऊन खाली बसतील ही आशाच सोडावी. खोलीतील माणसाच्या हालचालीने, किंबहुना त्याच्या श्वासाने देखील ते पुन्हा वर उठतात. मास्तरांच्या खोलीत सायंकाळी सातचा धूर पहाटे चारच्या वेगाच्या वेळीही तेथेच होता, हे आम्हास या आकड्यांवरून नंतर कळले.

मात्रेचा विचारही करू. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम अडीचची चोवीस तासांची मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ असावी असे सुचविले. साठ मायक्रोग्रॅमच्या हवेत दहा घनमीटर श्वास घेणाऱ्याच्या शरीरात दिवसाला ०.६ मिलिग्रॅम सूक्ष्म रज प्रवेश करते. गुंजेच्या दोनशेव्या भागाइतकी. एवढ्याने काय होते, असे कोणी सामान्य मनुष्य विचारील. सुवर्णभस्म गुंजेच्या अष्टमांशाने देणाऱ्या वैद्याने तो प्रश्न विचारू नये.

मास्तरांच्या खोलीचा हिशेबही आम्ही मांडला. उदबत्तीच्या एक ग्रॅमच्या ज्वलनातून ४५ मिलिग्रॅमहून अधिक कण निघाल्याचे एक मापन १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. द्रव्यपरत्वे ते कमी-अधिक होणार, म्हणून आम्ही निम्म्याहून कमी, म्हणजे वीसच मिलिग्रॅम धरले. अठ्ठावीस घनमीटरच्या बंद खोलीत एक ग्रॅम धूपद्रव्य जळाले की प्रति घनमीटर सातशे मायक्रोग्रॅम होतात. मास्तर एका वेळी चमचाभर द्रव्य टाकीत होते, गोवरीचा धूर वेगळाच.

निवात खोलीचा प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणा सर्वांस परिचित आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीत, गंगेच्या तीरावर, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात फिरत असता पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास हा उपदेश केला. वायू, जल, देश व काल हे चार भाव बिघडले की प्रकृती, आहार, वय भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी एकाच रोगाने पीडित होतात. बिघडलेल्या वायूच्या लक्षणांत त्याचा वेग, शैत्य, रूक्षता यांबरोबरच न मानवणारा गंध, वाफ, वाळू, धूळ व धूर यांनी दूषित असणे हेही येते. वायूला वाहक व त्यातील रज-धूमाला वाहून नेलेले द्रव्य मानण्याची ही दृष्टी आजही उपयोगी पडते.

याच अध्यायात या चार भावांची प्रतवारी सांगितली आहे. वायूहून जल, जलाहून देश व देशाहून काल टाळण्यास कठीण, म्हणून उत्तरोत्तर अधिक गंभीर. अर्थात वायू टाळण्यास सर्वांत सोपा. त्या काळी ते खरेच होते. वादळ आले की घरात जावे, धूर आला की वाऱ्याची दिशा पाहून हलावे. आज आमच्या मते हा क्रम, निदान शहरांपुरता, उलटला आहे. पाणी उकळता येते, गाळता येते, विकत आणता येते. हवा विकत आणता येत नाही, आणि अडीच मायक्रॉनचा कण बंद खिडकीच्या फटीतूनही आत येतो. आमच्या या म्हणण्यास विद्वानांचा विरोध असल्यास त्यांनी अवश्य लिहावे.

या कारणाने 'निवात' या शब्दाचा पुनर्विचार आवश्यक झाला आहे. जोराचा थंड वारा अंगावर येऊ नये, हा त्याचा अर्थ. हवा बदलूच नये, हा नव्हे. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार असल्यामुळे धूर वर जात नाही, पहाटे व सायंकाळी तो वस्तीवरच साचतो. अशा वेळी खिडकी केव्हा उघडावी हेही सांगावे लागते. सूर्य वर आल्यावर, दुपारी बारा ते चारच्या सुमारास, रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'सफर' ही हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी व्यवस्था २०१० मध्ये दिल्लीत व २०१३ मध्ये पुण्यात सुरू केली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' हे मोबाइलवरील साधन अनेक शहरांचे आकडे देते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात पाचट पेटविण्याचे दिवस आणि गुऱ्हाळांचा हंगाम यांसाठी असले साधन बहुधा उपलब्ध नसते. तेथे वैद्याने स्वतःच दिनदर्शिकेवर खूण करावी.

धूपनाची मर्यादा

आम्ही धूपनाचे विरोधक झालो असे कोणी समजू नये. परंतु ग्रंथ पुन्हा वाचताना जे दिसले ते असे. सुश्रुताने व्रणिताच्या घरी मोहरी, निंबपत्र, तूप व मीठ यांचे धूपन सांगितले, ते दिवसातून दोनदा आणि दहा दिवस. दिवसांची संख्या आहे, रुग्ण व्रणी आहे, श्वासाचा नाही. चरकाने श्वासचिकित्सेत धूम सांगितला, तो शोधनानंतर उरलेल्या कफासाठी, नलिकेने, मोजून. खोली भरून नव्हे. सूत्रस्थानात धूमपानाचे काल, नेत्राची लांबी, निषिद्ध रुग्ण आणि अतियोगाची लक्षणे, सर्व आहे. सुश्रुताने तर अग्निकर्माच्या अध्यायात धूमोपहत रुग्णाची लक्षणे व चिकित्सा स्वतंत्रपणे दिली आहेत. धूर मारू शकतो, हे आचार्यांस चांगले ठाऊक होते. मात्रा, काल व पात्र यांवाचून 'सायंकाळी धूपन' लिहिणारे आम्ही होतो.

बाळंतिणीच्या खोलीविषयी अधिक कठोरपणे लिहावेसे वाटते. आपल्याकडे शेक-शेगडी व बाळाला ओवा, वावडिंग, लसणाच्या सालीची धुरी देण्याची पद्धत आहे, आणि वैद्य तिला मान्यता देतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत धुमसू लागली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तरंजकाशी ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक, हा समज घातक आहे. नवजात बालक मिनिटास चाळीस ते साठ श्वास घेते. त्याच्या वजनाच्या मानाने त्या खोलीतील हवेचा मोठा वाटा त्याच्याच पोटी जातो. शेक हवा असल्यास गरम कापडाचा द्यावा. निखारा अंगणात ठेवावा. बाळाच्या खोलीत धुरी नको, असे आम्ही आता स्पष्ट शब्दांत लिहून देतो, आणि त्यावरून आजीबाईंचा रोषही पत्करतो.

रसशाळेची हवा

औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंसाठी शेवटी थोडे. चूर्णगृहातील पल्व्हरायझरभोवती जी धूळ उडते ती औषधाची असली तरी कामगाराच्या फुप्फुसास ती धूळच. मिरी-पिंपळीची निदान शिंकेने सूचना देते. वत्सनाभाची देत नाही.

पारदाची गोष्ट याहून गंभीर आहे. धातुरूप पारा गिळला गेल्यास आतड्यातून त्याचे शोषण अत्यल्प, हजार भागांत एक दशांशाहूनही कमी होते. त्याची वाफ श्वासावाटे गेल्यास सुमारे ऐंशी टक्के शरीरात राहते. पंचवीस अंशाला पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे वीस मिलिग्रॅम पारा मावतो, आणि कामगारांच्या सुरक्षिततेसाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे आठशे पटींचे अंतर. प्रत्यक्षात हवा खेळती असल्यास ती अवस्था येत नाही, पण दार लावून तासन् तास खल करणाऱ्या खोलीत मर्यादा ओलांडण्यास फार काही लागत नाही. कूपिपक्व कल्पांच्या वेळी निघणारा जळत्या गंधकाचा वायू निदान घसा धरून आपले अस्तित्व सांगतो, पारा ते करीत नाही. करोनाकाळापासून सर्वांना परिचित झालेले एन-९५ मुखावरण कण अडविते. पाऱ्याची वाफ व गंधकाचा वायू त्यातून सरळ आत जातो. त्यासाठी हवा बाहेर काढणारा पंखा व वेगळी जागा हाच उपाय. तो पंखाही शेजारच्या घराकडे तोंड करून नसावा. गजपुटासाठी शेकडो गोवऱ्या जाळताना वाऱ्याची दिशा पाहण्याचे कष्ट आम्ही पूर्वी घेत नव्हतो. शेजाऱ्यांनी सौजन्याने कधी तक्रार केली नाही, एवढेच.

असो. मास्तरांचे पुढे काय झाले ते सांगावयास हवे. धूपन बंद केले, दुपारी खिडकी उघडण्यास सांगितले, स्वयंपाकघरातील लाकडाची चूल अंगणात नेली. दहा-बारा दिवसांत पहाटेचे वेग विरळ झाले आणि महिन्याभराने ते स्वतः चालत चिकित्सालयात आले. त्याच वेळी औषधातही आम्ही बदल केला होता, त्यामुळे सर्व श्रेय खिडकीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. केसपेपरवर मात्र त्यानंतर पाच प्रश्न छापून घेतले : झोपण्याची खोली किती मोठी व खिडक्या किती, स्वयंपाक कशावर, घरात धूप, उदबत्ती, डासांची कॉइल किती वेळ, घर रस्त्यापासून किती अंतरावर, व्यवसायात धूळ, धूर, वाफ कोणती. पाचही प्रश्नांस मिळून दोन मिनिटे लागतात.

हेच प्रश्न आम्ही आमच्या रसशाळेत पंधरा वर्षे खलाचे काम करणाऱ्या मामांनाही विचारले. त्यांना चार वर्षांपासून खोकला होता आणि त्यांनी तो आम्हास कधी सांगितला नव्हता, आम्हीही कधी विचारला नव्हता. आता खलाची खोली निराळी केली आहे, पंखा बसविला आहे, पारदाचे काम दार उघडे ठेवून होते. मामांना चूर्णगृहासाठी मुखावरण दिले आहे. आम्ही पाठ फिरविताच ते हनुवटीवर उतरते, हे आम्हास ठाऊक आहे. पंखा मात्र भिंतीत पक्का बसविलेला असून त्याची कळ दिव्याच्या कळीलाच जोडून घेतली आहे.